नकाशाचे पाय

सर वर्गात आले की आधी पुस्तक बंद करायचे. पोरांचं नाही, स्वतःचं. ते टेबलावर पालथं टाकायचे, शर्टाच्या बाहीनं फळा पुसायचे आणि म्हणायचे, "आधी मदत कुणी केली ते सांगायचं. काय झालं ते मागून. हं, चला."

डस्टर शेजारीच असायचं. मी रोज झटकून ठेवायचे. पण सरांच्या उजव्या बाहीला कायम खडूची पांढरी पट्टी. लग्नाकार्यातसुद्धा लोक त्यांना त्या पट्टीवरून ओळखायचे.

त्यांच्याच नियमानं मलाही आधी मदत करणाऱ्यांची नावं घ्यायला पाहिजेत. तर मदत केली ती लातूरजवळच्या मुरुडच्या आमच्या शाळेतल्या इतिहासाच्या सरांनी. गणिताच्या मॅडमनी, कारण त्यांनी मला न रडता अपूर्णांक शिकवले. म्हणजे त्या रडल्या नाहीत, माझं सोडा. माझ्या नवऱ्यानं, कारण माझ्या परीक्षेच्या दिवसांत त्यानं स्वतः भाकरी थापल्या. त्या आमच्या पोरांनी मुकाट खाल्ल्या, ही त्यांचीही मदतच धरा. आणि एका खिळ्यानं. खिळ्याचं पुढं सांगते.

सरांचं नाव मात्र लिहीत नाही. विचारलं होतं मी. ते म्हणाले, "नगं बाई. नाव छापून आलं की लोक आधी खाली तारीख बघतेत, कधी गेले म्हणून."

मी मूळची उमरीकडची. आठवीत शाळा सुटली. आई आजारी होती, घरात थोरली मी, असं काहीतरी कारण होतं. सगळ्यांच्या घरी असतं तसंच. पुढं लग्न झालं, नवऱ्याला मुरुडच्या एका अडतीवर काम लागलं आणि आम्ही नांदेड जिल्हा सोडून लातूर जिल्ह्यात आलो. कुणाला वाटेल, एवढं काय लांब? पण माहेरी निघायचं तर पहाटे उठून एसट्या बदलत जायचं, आणि पोचल्यावर आई म्हणणार, "उद्या निघायचंच का?" ज्या गावाला असं जावं लागतं ते लांबच.

शाळेत मला मावशीची जागा मिळाली. झाडणं, पाणी भरणं, घंटा, स्टाफरूमचा चहा. जागा तात्पुरती. दर वर्षी जूनमध्ये पुन्हा ठेवायचं की नाही ते ठरायचं, म्हणून मे महिनाभर मी धास्तावलेली. भीती माझ्या अंगातच आहे. घंटा एक मिनिट उशिरा वाजली तर मला वाटायचं, आता लातूरहून कुणीतरी साहेब निघाला असेल.

आमच्या शाळेत इतिहास विभाग म्हणजे एक लोखंडी कपाट आणि सर. कपाटावर त्यांनी स्वतः ऑइल पेंटनं 'इतिहास विभाग' लिहिलं होतं. शेवटच्या अक्षरांना जागा पुरली नाही म्हणून 'भाग' दाराच्या बाजूला वळून गेला होता. आत गुंडाळलेले नकाशे, खडूचे डबे, एक मोडका तराजू आणि उंदीर. महाराष्ट्राच्या नकाशातलं कोकण उंदरांनी खाल्लं होतं. सर पोरांना शांतपणे सांगायचे, "इकडं समुद्र हाय. सध्या उंदराच्या पोटात हाय, पण हाय."

सगळी शाळा मला मावशी म्हणायची. सर पहिल्या दिवसापासून बाई म्हणायचे. आता आमच्याकडं शाळेत बाई म्हणजे शिकवणारी. मराठीच्या मॅडमना ते खटकलं. "सर, तुम्ही तिला बाई म्हणता, मग आम्हाला काय म्हणणार?"

"तुम्हीच मॅडम म्हणायला सांगितलं की. बाई हा शब्द रिकामा पडला होता, दिला त्यांना."

मी ट्रे घेऊन तिथंच उभी. मला वाटलं, झालं, ह्या शब्दापायी माझी जागा जाणार.

सरांचा तास असला की त्या वर्गापुढचा व्हरांडा मी फार मन लावून झाडायचे. तोच तो व्हरांडा, पुन्हा पुन्हा. एवढा स्वच्छ व्हरांडा जिल्ह्यात नसेल. आतून सरांचा आवाज यायचा.

"महंमद तुघलकानं राजधानी कुठं आणली?"

"दौलताबादला, सर!"

"एकट्यानं आणली? डोक्यावर ठिवून? आधी मदत कुणी केली ते सांग. दिल्लीची भांडी कुणी बांधली? पाळण्यातली लेकरं कुणी काखंत घेतली? म्हातारी माणसं म्हणली असतील, मी न्हाई येत, मला हितंच मरू द्या. त्यांना कुणी समजावलं? तुघलक? त्याला सोताची पगडी बांधता येत हुती का ते बघा आधी."

पोरं हसायची. मी बाहेर झाडू धरून थांबलेली असायचे. उमरीहून मुरुडला येताना मीही भांडी बांधली होती. पितळी घागरीत डाळ भरून तोंडाला फडकं बांधलं होतं. ते कुठं लिहिलं जाईल असं मला कधी वाटलं नव्हतं, आणि हा माणूस तर पोरांना तेच विचारत होता. सरांची नजर दाराकडं वळली की मी पळायचे.

मग एक दिवस मी पळायच्या आत सरांनीच हाक मारली. "बाई, जरा आत या. नकाशाचा खिळा पडला बघा. पोरं धरायला लावली तर दंगा करतेत. तासभर धरता का?"

धरला. वरच्या दांडीला दोन्ही हात, मी मागं, नकाशा पुढं. डोक्यापासून गुडघ्यापर्यंत मी महाराष्ट्र. खाली माझ्या चपला. पोरांनी तास संपेपर्यंत चपलांकडंच बघितलं.

दुसऱ्या दिवशी मी कुणालातरी सांगून खिळा ठोकून घेतला. सोमवारी बघते तर खिळा नाही. पुन्हा ठोकला. पुन्हा गेला. भिंतीचा तिथला गिलावा उंदरांनी खाल्लेल्या कोकणासारखा दिसायला लागला. सर हळहळायचे. "भिंतच ढिली हाय बाई. निजामाच्या काळातली असंल."

शाळा बांधलेली आमच्या हेडसरांच्या काळात. पण सरांशी कोण वाद घालणार? मी नकाशा धरायला लागले. आठवीचा, नववीचा, दहावीचा तास असला की घंटा देऊन मी वर्गात. हात भरून यायचे. राग यायचा. मनात म्हणायचे, ह्या माणसाला एक खिळा जपता येत नाही आणि हा पोरांना साम्राज्यं का बुडाली ते शिकवतो.

एकदा मला हसू आवरेना आणि नकाशा हलला. मागच्या बाकावरचा एक पोरगा ओरडला, "भूकंप!" सर थांबले. आवाज न चढवता म्हणाले, "बस खाली. आपल्या जिल्ह्यात हा शब्द मस्करीत वापरत न्हाईत. तुझ्या आज्याला विचार घरी गेल्यावर, त्र्याण्णवच्या त्या पहाटे ढिगाऱ्यातून माणसं कुणी कुणी काढली. आधी त्यांची नावं विचार." त्या दिवशी पुढं कुणी हसलं नाही. मीही दांडी घट्ट धरून उभी राहिले.

मागून नकाशा उलटा दिसतो, हे तुम्हाला ठाऊक नसेल. तुम्ही सगळे पुढून बघणारे. कापडातून उजेड आला की रेषा दिसतात. पुढून जे उजवीकडं ते मला डावीकडं. माझा नांदेड जिल्हा डाव्या बाजूला यायचा. माहेरची फार आठवण आली की मी मान वळवून तिथं हळूच नाक टेकवायचे. एकदा पुढून सरांचा आवाज आला, "बाई, नांदेड पुढं आलं. जरा मागं घ्या." वर्ग फुटला हसून. मी नाक मागं घेतलं. पण सर पुन्हा असं झालं की नुसते म्हणायचे, "आलं का नांदेड? असू द्या." आणि पुढं शिकवायचे.

आईनं फोनवर विचारलं, शाळेत काय करून राहिलीस, तर मी सांगितलं, इतिहासाच्या तासाला नकाशा धरते. आईनं गावात सांगितलं, माझी लेक इतिहास शिकवती. मी ते दुरुस्त केलं नाही. लांबून काय दुरुस्त करणार?

अशी दोन वर्षं गेल्यावर मला ज्याची भीती होती ते झालं. हेडसरांनी बोलावून सांगितलं, "मावशी, संस्थेनं ठरवलंय, तुमची जागा कायम करायची."

मी हात जोडले.

"थांबा. पण दहावी पास पाहिजे. तुमची आठवी. पुढच्या जूनपर्यंत झालात पास तर तुम्ही, नाहीतर संस्थेकडं दुसऱ्या बाईचा अर्ज आलेला आहे."

मी नवऱ्याला सांगितलं, भांडी बांधायला घ्या. तो म्हणाला, जून लांब आहे. मला जून कधी लांब वाटला नाही.

सर टाचणाच्या वहीत काहीतरी खरडत होते, तिथं चहा ठेवताना मी सांगून टाकलं. त्यांनी मान वर केली नाही. "सतरा नंबरचा फॉर्म भरायचा. शाळा सुटलेली माणसं तसंच बसतेत भायरून दहावीला."

"सर, मला काय येतंय?"

"तुघलकाचं सांगा."

"ते येतंय हो, पण..."

"सांगा की."

मी सांगितलं. आधी भांडी बांधणाऱ्या, मग म्हशी हाकणारे, मग तुघलक. सांगता सांगता चहा गार झाला. सरांनी तो तसाच प्यायला. म्हणाले, "माझ्या तासाला तुमच्याएवढी हजेरी एकाबी पोराची न्हाई. गणिताचं तेवढं मॅडमला सांगतो."

फॉर्म भरला. आणि बरोबर त्याच वर्षी तपासणीला साहेब आले.

साहेब वर्गात शिरले. सर शिकवत होते, मी नकाशामागं. साहेबांनी आधी फळा बघितला, मग पोरं, मग माझ्या चपला.

"नकाशाला पाय कसे?"

"साहेब," सर म्हणाले, "अनुदान येईना. म्हणून नकाशा सोताच्या पायावर उभा राहिला."

पोरं हसली, साहेब हसले नाहीत. त्यांनी शेरा मारला: वर्गात साधा खिळा नाही, कर्मचाऱ्यांचं लक्ष नाही. साहेबांची गाडी फाटकाबाहेर जाईपर्यंत हेडसर हसत होते. गाडी गेल्यावर त्यांनी मला सगळ्यांसमोर उभं केलं.

"मावशी, तीन वेळा खिळा ठोकायला सांगितला. एक खिळा टिकवता येत नाही तुम्हाला? हे मी संस्थेला कळवणार. मग दहावी पास होऊन तरी काय उपयोग?"

मला सांगायचं होतं की मी ठोकला होता, खरंच ठोकला होता. पण खिळा भिंतीत नाही म्हणजे नाही. स्टाफरूममध्ये कुणी वर बघेना.

तेवढ्यात सर उठले. बाहीनं तोंड पुसलं, त्यामुळं गालाला खडू लागला. "खिळा मी काढतो," ते म्हणाले.

"काय?"

"खिळा. त्यांनी ठोकला की मी काढतो. पक्कड हाय माझ्याकडं. लिहायचं तर माझं नाव लिहा संस्थेला."

आधी गणिताच्या मॅडम हसल्या, मग सगळेच. हेडसरही हसायला लागले. "सर, तुमचा चांगुलपणा ठाऊक आहे हो. पण इतकी थाप? पन्नाशी उलटलेला माणूस पक्कड घेऊन खिळे उपटत हिंडतोय!" हसण्यात राग उतरला. संस्थेला काही गेलं नाही. बाहेर आल्यावर मी सरांना म्हणाले, "माझ्यापायी खोटं बोललात, सर."

"मी कधी खोटं बोललो?" सर म्हणाले आणि तासाला गेले.

परीक्षेचं केंद्र दुसऱ्या शाळेत होतं. पहिल्या दिवशी तिथली मावशी पाणी घेऊन आली तर मी उठून ट्रे धरायला गेले. पर्यवेक्षक म्हणाले, "बसा, तुम्ही परीक्षार्थी आहात." तो शब्द मी घरी जाईपर्यंत मनात घोळवला.

इतिहासाच्या पेपरात संग्रहालयावर प्रश्न आला. दहावीच्या पुस्तकात राजे कमी, संग्रहालयं आणि वर्तमानपत्रं जास्त. मी सरांच्या नियमानं सुरुवात केली. संग्रहालय सकाळी कोण उघडतं, काचा कोण पुसतं, मूर्तीच्या बोटांमधली धूळ काढायला कापड कसं दुमडावं लागतं. लिहिता लिहिता वेळ संपत आली आणि संग्रहालय म्हणजे काय ते शेवटच्या दोन ओळींत घाईघाईनं कोंबलं.

पास झाले. सगळ्या विषयांत सगळ्यात कमी मार्क इतिहासात. गणितापेक्षा कमी! गणिताच्या मॅडमनी पेढे सगळ्यात आधी इतिहास विभागापुढं नेऊन धरले आणि विचारलं, "काय सर, कसं काय?" सर दोन पेढे घेऊन म्हणाले, "बोर्डाला घाई असती. काय झालं तेवढंच विचारतेत." माझी जागा कायम झाली. त्या जूनमध्ये पहिल्यांदा मला पाऊस कधी पडतोय याची काळजी होती, माझी नव्हती.

पुढच्या थंडीत सर रिटायर झाले. निरोपाला शाल-नारळ द्यायचं ठरलं तर सर म्हणाले, "शाली लई झाल्या. तो कोकण खाल्लेला नकाशा द्या." दिला. शाळेत तसाही भिंतीवर मोठा स्क्रीन आला होता.

सर भाषणाला उभे राहिले. "आधी मदत कुणी केली ते सांगतो," म्हणाले, आणि आम्ही समजलो, आता जेवण गार होणार. त्यांनी नावं घ्यायला सुरुवात केली. टपरीवाला, जो उधार चहा देताना तोंड वाकडं करायचा नाही. उशीर झाला की सरांना बघून गाडी थांबवणारा एसटीचा कंडक्टर. गणिताच्या मॅडम. हेडसर, "ज्यांनी माझं कधीच ऐकलं न्हाई, त्यामुळं मला विचार करायला वेळ मिळाला." कपाटातले उंदीर. नापास झालेली पोरं, एकेक नावानिशी. मी दाराशी घंटेजवळ उभी. आता माझं येईल, आता येईल. शाळेतलं कुत्रं आलं, माझं नाव आलं नाही.

"झाले मदत करणारे," सर म्हणाले. "आता काय झालं ते..."

हेडसरांनी घड्याळ बघून मला खूण केली. मी घंटा दिली. पोरं उठली, खुर्च्या वाजल्या, भाषण तिथंच राहिलं. सर हसले आणि बाहीनं चष्मा पुसत खाली उतरले.

घरी जाऊन मी नवऱ्याला म्हणाले, कुत्र्याचंसुद्धा नाव घेतलं. तो म्हणाला, माणूस विसरतो. सर विसरणाऱ्यातले नव्हते, म्हणूनच लागलं.

दोन-तीन दिवसांनी हेडसरांनी इतिहासाचं कपाट रिकामं करायला सांगितलं. उंदीर आधीच निघून गेले होते. सगळ्यात मागं खडूचा एक पत्र्याचा डबा होता, हलवला तर खडूचा आवाज येईना. उघडला. आत पक्कड होती आणि खिळे. वाकडे, गंजलेले, मी ठोकून घेतलेले सगळे. काहींच्या टोकाला अजून गिलावा होता.

मी कपाटाशीच खाली बसले. त्या दिवशी स्टाफरूममध्ये एकच माणूस खरं बोलला होता आणि आम्ही सगळे त्याला हसलो होतो.

फोन लावला. सर आता जळकोटला असतात, आपल्या घरी.

"बाई! काय करून राहिलात?"

"सर, खिळे सापडले."

सर पलीकडं हसले. मग म्हणाले, "तुम्ही झाडू घेऊन दारात उभ्या राहायच्या. मी बघितलं की पळायच्या. म्हटलं, झाडू धरून माणूस किती दिवस ऐकंल? हाताला दुसरं काम दिलं. बस."

"आणि माझी नोकरी गेली असती म्हणजे?"

"तेवढं चुकलंच. खिळा काढणाऱ्याला हेडमास्तरचा अंदाज पाहिजे."

मला हसू आलं आणि मग राहवेना. "सर, भाषणात सगळ्यांची नावं घेतली. उंदरांची घेतली."

"हाव."

"माझं नाही घेतलं."

"तुमचं कसं घेणार?" सर म्हणाले. "तुम्ही मदत करणाऱ्यात नव्हत्या, बाई. एवढ्या सगळ्यांनी मदत केल्यावर काय झालं, त्यात तुम्ही होत्या. तेच सांगाय लागलो तर तुम्ही घंटा दिली."

त्यांनीच विषय बदलला. म्हणाले, घराला नवा रंग दिलाय, त्यामुळं बायको भिंतीत खिळा मारू देत नाही. नकाशा गुंडाळून कपाटावर पडलाय. कधीमधी उघडून बघावा वाटतो, पण एक टोक धरलं की दुसरं गुंडाळतं. एकट्याला जमत नाही.

तेव्हाच मी ठरवलं, आणि इथं लिहून ठेवते म्हणजे मला मागं फिरता येणार नाही. जमलं तर या सुट्टीत, नाहीतर पुढच्या, पण एकदा मी जळकोटला जाणार. सरांना अंगणात खुर्ची टाकून बसवणार, नकाशा उघडून दोन्ही हातांनी वर धरणार आणि ते पुरे म्हणेपर्यंत खाली घेणार नाही. त्यांनी पुढून निवांत बघावं. नांदेड जरा पुढं आलं, तर असू द्यावं.